आप्पांचा टप्पा

चौथ्या दिवशी सकाळी साळूआत्याने अनिताच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "झालं. लेकीचं सुतक तीन दिसाचं. तू आता मोकळी."

अनिता न्हाणीतल्या दगडावर बसून केस पिळत राहिली. आत तिचा धाकटा भाऊ पृथ्वीराज भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर पडला होता. त्याला तेराव्यापर्यंत देवाला हात लावायचा नव्हता. गेलेले आप्पा वडील दोघांचेच, पण ती लग्न होऊन पुण्याला गेलेली, परक्या घरची. आत्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तिच्या आईबापांच्या वेळी तिलाही असंच कुणीतरी मोकळं केलं असणार.

आप्पा गेले त्या दिवशी सोयऱ्यांनी घरी पिठलं-भाकरी आणली होती. कडू घास. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्यांनी आणून खायला घालायचं. पृथ्वीराजला दोघांनी धरून बसवलं, पाठीवर हात ठेवून दोन घास खायला लावले. अनिता तेव्हा आल्यागेल्यांसाठी शेजाऱ्यांच्या गॅसवर चहा गाळत होती. ती मोठी, शिकलेली, कॉलेजात ग्रंथपाल. कुठं काय हवं-नको ते ती बघत होती, त्यामुळे तिला काही हवं असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नाही. संध्याकाळी टोपलं घासताना तळाला चिकटलेला भाकरीचा पापुद्रा तिने बोटाने खरवडला आणि टाकून दिला.

मल्हारमामा आले ते अंगणातच उभे राहिले. सुतकाच्या घरात ज्योतीच्या माणसाने पाऊल ठेवायचं नाही. आप्पा आणि ते ऐन पंचविशीतले असल्यापासून दर वर्षी घटस्थापनेआधी तुळजापूरला जात, तिथे ज्योत पेटवून घेत आणि पळत गावाकडे आणत. सोलापूर, इंदापूर, भिगवण, दौंड आणि मग घोड नदीकाठचं गाव. एकाने पळायचं, बाकीच्यांनी मागे टेम्पोत. दमला की दुसऱ्याने घ्यायची. आता बरीचशी नवी पोरं होती. पण दौंडजवळच्या एका वस्तीपासून घोडच्या पुलापर्यंतचा शेवटचा टप्पा जयसिंगआप्पांचा. साठी उलटली, गुडघा गेला, तरी तो त्यांनी कुणाला दिला नव्हता.

"पोरी, तू पळतीस न्हवं पुन्यात?"

"पळते मामा. सकाळची. एकटीच."

"मंग आप्पाचा टप्पा तू घे. पृथ्वीला चालत न्हाई. तुला चालतंय."

आतून पृथ्वीराजचा आवाज आला, "जा तू. तुला चालतंय." तो भिंतीकडूनच बोलला.

अनिताला पळणं आप्पांकडून आलं होतं. लहानपणी कॅनॉलच्या भरावावरून आप्पा पुढे आणि ती मागे. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली की ते फक्त वेग कमी करत. पुढे ती पुण्याला गेली. दर रविवारी फोन यायचा. "पळालीस का गं आज?" ती "हो" म्हणायची. मग पीकपाणी, मग "ठेवू का?" बापलेकीचं बोलणं एवढंच होतं आणि दोघांनाही ते पुरत होतं. गेल्या रविवारी फोन आला नाही. येणार नव्हता हे माहीत असून तिने तो दिवसभर हातात धरला होता.

तो टप्पा तिला हवा होता. आप्पांसाठी करता येईल असं तेवढंच एक उरलं होतं.

टेम्पो निघताना मल्हारमामांनी सगळ्यांना दम भरला. "ज्योतीपुढं मरनाचं नाव काढायचं न्हाई. कुनी इचारलं तर आप्पाची तब्येत बरी न्हाई म्हनायचं. व्हय का न्हाई?"

"व्हय," टेम्पो चालवणारा पप्पू म्हणाला. तो रांजणगावला कंपनीत होता, दोन शिफ्ट बदलून आला होता. "आन् ताई, तुमी केबिनमदी बसा. मागं ही बेणी झोपत न्हाईत आन् झोपू देत न्हाईत."

तुळजापूरहून ज्योत घेऊन येताना अनिताला पहिल्यांदाच कळलं की रस्ता आप्पांना ओळखत होता. मोहोळच्या पुढे एका हॉटेलवाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि टेम्पोत डोकावून विचारलं, "आप्पा कुठायत?" पप्पूने सांगितलं, "तब्येत बरी न्हाई." हॉटेलवाला आत गेला आणि आल्याच्या वड्यांचा पुडा घेऊन आला. "खोकला असंल तर द्या." टेंभुर्णीला कुणी डाळिंबं दिली, आप्पांना रक्त वाढायला. इंदापूरजवळ एका म्हाताऱ्या शिक्षकांनी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं दिलं. भिगवणला मासळी विकणारी बाई हाताला वास म्हणून ज्योतीपासून लांब उभी राहिली, सुनेकरवी लिंबूपाणी पाठवलं आणि लांबूनच ओरडली, "आप्पाला म्हनावं, तुज्याबिगर ही पोरं मेंढरावानी पळत्यात!"

पोरं हसली. मल्हारमामाही हसले. अनिताने लिंबूपाणी घेतलं. केबिनमध्ये तिच्या पायाशी मेलेल्या माणसासाठीच्या भेटी साठत चालल्या होत्या. डाळिंबं वळणावर घरंगळून तिच्या पावलांना लागत. रस्ताभर आप्पा जिवंत होते. आजारी होते, घरी झोपले होते, बरे होणार होते. ते गेले हे या टेम्पोत सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायला कुणी नव्हतं. पुस्तकांत तिने दुःखाविषयी पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काही आता कामाला येत नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी उजाडता उजाडता ज्योत दौंडच्या अलीकडे चांगुणाबाईंच्या वस्तीवर पोचली. उसाच्या कडेला दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. ज्योतीसाठी मधोमध पाट मांडून ठेवलेला. सत्तरीची बाई घंगाळात ऊन पाणी घेऊन बसली होती आणि पळणाऱ्या प्रत्येकाचे पाय स्वतः धूत होती.

"अगं ए मावशे, त्याचे पाय नको धुऊस, पाणी काळं व्हईल," पप्पू म्हणाला.

"तुझं त्वांड धुते मग, गप बस."

पोरांना उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि गुळाचा शेंगदाणा लाडू मिळाला; अनिताने नुसता लाडू हातात घेतला. चांगुणाबाई अनिताच्या पायाशी आली आणि थांबली.

"तू जयसिंगाची लेक. नाक त्याचंच. तो कुठंय?"

"तब्येत बरी..." पप्पूने सुरुवात केली.

"तिला इचारलं." बाई उठली, कमरेवर हात देत आत गेली आणि बाटली घेऊन आली. "निर्गुडीचं त्याल. गेल्या साली कबूल केलं हुतं त्याला. रातीला गुडघ्याला चोळायचं म्हनावं, आन् लगेच पान्यात जायचं न्हाई. ऐकत न्हाई तो. तू बघ जरा."

बाटली अजून कोमट होती. आजच गाळलेली असणार. अनिताने ती घेतली. तिने पाटावरच्या ज्योतीकडे पाहिलं, मग उठली आणि घराच्या मागे, चुलीपाशी गेली. चांगुणाबाई मागोमाग आली.

"मावशी, आप्पा गेले. नऊ दिवस झाले."

चुलीतलं लाकूड तडकलं. बाईने पदर तोंडाला लावला, मग काढला.

"आन् तू इथं कशी?"

"लेकीचं सुतक तीन दिवसांचं."

"त्ये ठावं हाय." बाई तिच्याकडे बघत राहिली. "कडू घास कुनी दिला का तुला?"

टोपल्याच्या तळाचा तो पापुद्रा अनिताला आठवला. तिने नकारार्थी मान हलवली.

"बस."

चांगुणाबाईने तिच्या हातातला गुळाचा लाडू काढून घेतला आणि फडताळात ठेवला. परात ओढली. उपासाच्या दिवशी तिने ज्वारीचं पीठ काढलं, भाकरी थापली, कढईत बेसन कालवून घट्ट पिठलं केलं. मध्येच म्हणाली, "मीठ कमी पडलं असंल. असू दे." ताट पुढे ठेवण्याआधी तिने एकदाच सांगितलं, "लेकी, बघ. हे खाल्लंस तर सुतकातली झालीस. मंग ज्योत धरता येनार न्हाई. न्हाई खाल्लंस तर मला राग न्हाई. खिचडी हाय."

समोरच्या अंगणात मल्हारमामा हाका मारत होते, "चला रं, आप्पाचा टप्पा! अनिता, चल बाळ, ऊन व्हतंय!"

अनिता ताटाकडे बघत बसली. तो टप्पा तिला अजून हवाच होता. इतक्या लांबून ती त्याच्यासाठीच आली होती. हात रिकामे ठेवून घोडच्या पुलावर पोचायचं म्हणजे काय, गावकरी काय म्हणतील, आत्या काय म्हणेल, हे सगळं तिला दिसत होतं. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्याला लावून पहिला घास तोंडात घातला. चांगुणाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. दुसरा घास गेला. मग ती रडली. आवाज न करता, पण आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि चावत चावत.

मल्हारमामा मागे आले आणि ताट बघून जागीच थबकले. पिठलं-भाकरी कशाची हे त्यांना सांगायला नको होतं.

"पोरी, हे काय केलंस! आता ज्योत कोन घेनार?"

"तुम्ही घ्या मामा. मी मागनं येते."

"मला सांगता आलं आसतं तर सांगितलं नसतं व्हय?" ते एकदम चांगुणाबाईकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "चाळीस वर्सं. कुठल्या तोंडानं सांगू, जया गेला म्हनून?" ते बांधाकडे तोंड करून उभे राहिले. चांगुणाबाईने तांब्या दिला. त्यांनी तोंड धुतलं आणि पुढे जाऊन ज्योत उचलली.

भीमेच्या पुलावर वारा होता. मामा हळू पळत होते, ज्योत वाऱ्याआड धरून. अनिता बरंच अंतर ठेवून मागे, रस्त्याच्या कडेने. पुलापलीकडे मामांनी ज्योत पोरांकडे दिली आणि टेम्पोत बसले. पप्पूने तिच्याजवळ गाडी हळू केली. "ताई, बसा की. कोन बघतंय?" तिने मानेनेच नको म्हटलं. पोरं बदलत राहिली, ती पळत राहिली. रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला सुरुवातीला कळेना. मग मुठी आपोआप मिटल्या, कॅनॉलवर मिटायच्या तशा. पुढचं पोर तिच्याहून जोरात पळे, लांब जाई. वेग कमी करणारं कुणी नव्हतं. दोन्हीकडे ऊस होता, आणि तिच्या स्वतःच्या पावलांचा आवाज.

घोडच्या पुलावर हलगी वाजत होती. गाव जमलं होतं. मामांनी शेवटी ज्योत हातात घेतली, बायकांनी ओवाळलं, सगळे देवळाकडे वळले. साळूआत्याने तिचे रिकामे हात पाहिले आणि ती गर्दीबरोबर पुढे गेली.

गर्दी ओसरल्यावर पुलाच्या पलीकडच्या टोकाला, बाभळीखाली, पृथ्वीराज दिसला. शिवू नये म्हणून लांब उभा होता. अनिता टेम्पोतलं शेंगांचं गाठोडं आणि तेलाची बाटली घेऊन त्याच्याकडे गेली.

तो मागे सरकला. "लांब थांब. तुला देवळात जायचंय."

"नाही जायचं." ती कठड्याला टेकून खाली बसली. "कडू घास खाल्लाय मी."

मग तोही खाली बसला, हातभर अंतरावर, आणि थोड्या वेळाने ते अंतरही राहिलं नाही. देवळाकडे आरती सुरू झाली होती. बाटलीकडे बघत त्याने विचारलं, "ही कुणासाठी?"

"आप्पांच्या गुडघ्याला."

त्याने बूच काढून वास घेतला आणि पुन्हा लावलं. खाली घोडचं पाणी संथ होतं.

"दौंडापासून सगळं पळालीस?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

त्याने गाठोडं सोडलं आणि एक शेंग फोडून दाणे तिच्या हातावर ठेवले.