कुंकू लागलेली रशियन महाराणी

मी लेखनपेटी बोलतेय. माझ्याबद्दल रावसाहेब पाहुण्यांना जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, म्हणून म्हटलं आपणच बोलावं.

माझं झाकण उघडलं की ते उतरतं होतं, त्यावर कागद ठेवून लिहायचं. आत दौतीसाठी खाच. कडेने पितळी वेलबुट्टी, आणि बाहेरून झाकणावर मुकुट घातलेली रशियाची महाराणी, रंगात काढलेली. रावसाहेब म्हणतात, ही राजवाड्यातली पेटी. कसला राजवाडा आलाय. मला एका सुताराने बनवलं आणि त्याच्या मेव्हण्याने महाराणी रंगवली. त्याने तिला जन्मात पाहिलं नव्हतं. नाक सरळ स्वतःच्या बायकोचं काढलं.

मग एका धान्य व्यापाऱ्याची मुलगी माझ्यावर लिहू लागली. शाई सांडायची, वर हसायची, बोटं माझ्याच मखमलीला पुसायची. फार मजेचे दिवस. तिच्या नातवंडांबरोबर मी बोटीने कॅनडात आले. त्यांच्यातला शेवटचा म्हातारा टोरांटोच्या एटोबिको भागात वारला, त्याचं सामान अंगणात विकायला मांडलं, आणि रावसाहेबांनी मला उचललं.

लिहायला नाही. शोकेसमध्ये ठेवायला.

रावसाहेब रिटायर्ड इंजिनिअर. त्यांच्या घरात चांगली वस्तू वापरत नाहीत. चांगले कप कपाटात, चांगला सोफा चादरीखाली, मी काचेत. म्हाताऱ्यांना वस्तू जपायची इतकी सवय लागते की ती कशासाठी होती तेच विसरतात. माणसांचंही तेच करतात.

माणूस म्हणजे त्यांची नात, ऋचा. वॉटर्लू युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग करत होती, कंटाळली, सोडलं. आता शेजारच्या किचनर शहरात जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे काम शिकते. पण मराठी मंडळातल्या कुणी विचारलं की रावसाहेब म्हणायचे, ती कोऑपवर आहे. कोऑप म्हणजे शिकता शिकता कंपनीत काढायचं एक सत्र. बाकीच्यांची कोऑपं चार महिन्यांत संपतात, हिचं काही संपेना. ऋचा आली की तिनेही मान डोलवून ‘गुड, अंकल’ म्हणायचं.

या वर्षी तिने फोनवर सांगितलं, दसऱ्याला येते, पण कोऑप हा शब्द निघाला तर पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. रावसाहेब फोन ठेवून माझ्या काचेसमोर बराच वेळ उभे राहिले.

दसऱ्याला लिहायची साधनं पुजतात, म्हणून पद्माताईंनी, म्हणजे आजींनी, मला बाहेर काढलं. शेजारी लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि बर्फ उपसायचं फावडं. सगळ्यांना फूल वाहिलं. मग महाराणीकडे बघून म्हणाल्या, बाईमाणूस आहे, कपाळ मोकळं कसं ठेवायचं. आणि लावलं ओल्या कुंकवाचं बोट.

रावसाहेबांनी पाहिलं आणि ओला पेपर टॉवेल घेऊन घासलं. कुंकू कपाळावरून नाकावर आलं, नाकावरून गालावर. पाहुणे यायची वेळ झालेली. रावसाहेब काचा पुसायच्या स्प्रेची बाटली घेऊन आले, तेवढ्यात ऋचा दारातून आत आली.

“आजोबा, स्टॉप. ती बाटली खाली ठेवा. वॉर्निश निघेल.”

वॉशरूममधून कानाच्या कापूसकाड्या आणल्या, एक तोंडात घालून ओली केली आणि महाराणीच्या गालावर हलकेच फिरवू लागली. जुन्या चित्रांवरचा मळ थुंकीने निघतो, असं तिला दुकानातल्या बाईंनी शिकवलं होतं.

पद्माताई हबकल्या. “अगं, पूजेतली वस्तू उष्टी करतेस?”

“आजी, महाराणीला चालतंय. विचार तिला.”

मला तर गुदगुल्या होत होत्या. पण एक गाल झाला आणि ऋचाचं तोंड कोरडं पडलं. तिने एक काडी आजोबांपुढे धरली. हा माणूस पाणीसुद्धा वरून पितो, भांड्याला ओठ लावत नाही. त्याने काडीकडे पाहिलं, महाराणीकडे पाहिलं आणि काडी तोंडात घातली.

“घासू नका, फिरवा. जोर नको, ब्रिज नाही बांधत आहात.”

“बरं, मॅडम.”

दोघांची डोकी माझ्यावर वाकलेली, नाक मोकळं होत आलेलं, आणि बेल वाजली. मंडळाचे प्रफुल्ल आणि त्यांची बायको चित्रा, सोनं म्हणून मेपलची पानं घेऊन. प्रफुल्ल बूट काढता काढताच म्हणाले, काय ऋचा, कोऑप कसं चाललंय?

ऋचाने काडी खाली ठेवली आणि कोट उचलला.

रावसाहेबांनी तोंडातली काडी काढली. “कोऑप नाही, प्रफुल्ल. हिने युनिव्हर्सिटी सोडलीय. किचनरला जुनं लाकूडसामान दुरुस्त करायला शिकते. तुम्ही काय म्हणाल म्हणून मी खोटं बोलत होतो.” मग काडी पुन्हा तोंडात घालत म्हणाले, “आत्ता मी हिच्या हाताखाली आहे.”

प्रफुल्ल हातातलं पान उलटसुलट करत राहिले. मग चित्रा पुढे आल्या आणि त्यांनी डबीतून काडी उचलली.

“पदराला थुंकी लावून आईने तोंड पुसलं नाही, असं इथे कोण आहे?”

पद्माताईंना जे हसू फुटलं ते थांबेचना. कुंकू माझं, मग मलाही एक काडी द्या, म्हणाल्या. ऋचाने कोट परत खुंटीला लावला. पाची जण माझ्याभोवती कोंडाळं करून बसले. इतकी माणसं इतक्या जवळून मी प्रथमच पाहिली. सगळ्यांच्या तोंडात काड्या, त्यामुळे उपदेश कुणालाच करता येईना. तेही बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी मला ऋचाच्या गाडीत ठेवलं आणि वरून सीटबेल्ट लावला. राजवाड्याचं अवाक्षर काढलं नाही.

आता मी किचनरला तिच्या बेसमेंटमध्ये असते. ती माझ्यावर खुर्च्यांच्या सांध्यांची चित्रं काढते. परवा चहाही सांडला. बोटं पुसायला तिला माझी मखमल बरोब्बर सापडली. तुमच्या घरी काचेत कुणी उभं असेल तर आजच बाहेर काढा. डाग पडतील. पडू देत.