निळ्या काठावरचा टवका

माझ्या निळ्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा एक टवका उडाला आहे. तिथे खालचं काळं लोखंड दिसतं. टवका लहानसाच आहे, पण त्याने दोन घरांचे डबे रिकामे केले.

मित्रांनो, मी एक जुनी एनॅमलची ताटली आहे. अलेप्पोच्या कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला, पांढरा लेप चढवला आणि भट्टीत भाजलं. दरआ शहरातल्या नजाहबरोबर मी सासरी आले. उमेदीच्या काळात माझ्यात भातावर मटण मिरवत असे. पाहुणे स्तुती करत, ती मी माझीच समजत असे. मग लढाई आली. नजाहने मला गोधडीत गुंडाळून सीमेपलीकडच्या देशात, इर्बिद शहरात आणलं आणि खिळ्याला टांगलं. ताटलीत मांडावं असं काही घरात शिजतच नव्हतं.

नवरा मिळेल ते काम करायला अम्मानला. घरी चार मुलं आणि सासू हज्जा फिद्दा. निर्वासितांना मिळणाऱ्या मदतीच्या कार्डावर महिन्याच्या सुरुवातीला रक्कम येई. तेव्हा घरात अंडी दिसत, पुढे मसूर, आणि महिनाअखेरीस मसुराचं पाणी. हज्जा त्यात चमचा फिरवून विचारत, "नजाह, मसूर यात शिजवलास, की पाण्याशी नुसती ओळख करून दिलीस?"

त्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर होम्स शहरातल्या विदादखाला, म्हणजे विदादमावशी, तीन नातवंडांना घेऊन राहायला आल्या. नव्या शेजारणीकडे ताटली जायलाच हवी. नजाहने माझ्यात मसूर-भात वाढला, वर तळलेला कांदा पसरला. जिन्यात मी लोखंडी कठड्यावर आपटले. टवका उडाला तो तेव्हा. नजाहचं सगळं लक्ष कांद्याकडे होतं.

आमच्याकडे शेजारची ताटली रिकामी परत करत नाहीत. विदादखालांनी माझ्यात सलगमचं लोणचं घालून मला खाली आणलं. नजाहने टवका पाहिला आणि तिची खात्रीच पटली की ही आपली नव्हे. अशा निळ्या काठाच्या ताटल्या त्या गल्लीत घरोघरी होत्या. खालांनी चुकून स्वतःची दिली असणार. मग तीही भरूनच परत करायला हवी.

इथून माझा जाच सुरू झाला. नजाहच्या मते मी खालांची, खालांच्या मते मी नजाहची. दोघी मला भरून धाडत होत्या, आणि दोघींना ते परवडत नव्हतं. एकदा इथून गेलेला कोरडा दलिया द्राक्षाच्या पानांत गुंडाळून परत आला. मी त्याला लगेच ओळखलं. हज्जांनी चार गुंडाळ्या खाल्ल्या आणि सुनेला ऐकवलं की दलिया म्हणतात तो याला, आपल्या घरातला नुसता गिळावा लागतो.

नजाहच्या मनात एक गोष्ट कधीची घोळत होती. वर आणि खाली, दोन शेगड्यांवर दोन पातेल्यांत नुसतं पाणी उकळत होतं. पण बोलायचं म्हणजे आपल्या घरात काही नाही हे कबूल करणं आलं. ती रोज शब्द जुळवी आणि रोज गिळून टाकी.

मग महिनाअखेर आली. मसूर उरला होता तो मुलांच्या एका जेवणापुरता. नजाहने तो शिजवला, थोडा वेळ पातेल्याकडे पाहत राहिली, आणि निम्मा माझ्यात ओतून जिना चढली.

विदादखालांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"पोरी, तुझीच ताटली मला किती वेळा आणून देशील? भरून परत करता करता माझे डबे रिकामे झाले."

"माझी कुठली, खाला? माझ्या ताटलीला टवका नव्हता."

खाला उठल्या आणि तिला कठड्यापाशी घेऊन गेल्या. लोखंडावर निळ्या लेपाची बारीक रेघ अजून चिकटलेली होती; खालांना ती जिन्यातून जाता-येता दिसत असे. नजाहने मला तिथे टेकवून पाहिलं. टवका आणि रेघ तंतोतंत जुळले. आधी खाला हसल्या, मग नजाह. इतक्या, की खालून हज्जांनी विचारलं, कोणाचं काय बिघडलं?

मित्रांनो, आपल्या भांड्यांची कड अधूनमधून नीट पाहत जा. आमच्यावरच्या खुणा आम्हाला सांगता येत नाहीत.

हसू ओसरलं. मसूर निवत होता. नजाहने डोळे पुसले, मला दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि म्हणाली,

"खाला, उद्यापासून शेगडी एकच पेटवू. तुमचं कार्ड, माझं कार्ड, आणि पातेलं एक."