वरच्या बिजागरीचा आवाज

माझ्या वरच्या बिजागरीतून एक आवाज येतो. सुरुवातीला तो जाड असतो, मग बारीक होत जातो आणि मी पुरता उघडण्याच्या थोडा आधी तुटतो. बिजागरीतली लोखंडी खीळ अडकते, सुटते, पुन्हा अडकते. हे इतक्या भराभर घडते की ऐकणाऱ्याला ती एकच लांब कुरकुर वाटते. मित्रांनो, या कुरकुरीवर माझे सगळे भवितव्य अडले होते, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगितले.

मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यातून तुम्हांला कुठेच जाता येणार नाही. माझ्या अलीकडे जी खोली आहे, तीच पलीकडेही आहे. एका पाडलेल्या इमारतीतून सुताराने मला आणले, कापून माणसाच्या छातीएवढे केले, नव्या चौकटीत बसवले आणि चौकटीला चाके लावली. बिजागऱ्या मात्र जुन्याच ठेवल्या. काम झाल्यावर तो मागे सरून म्हणाला, "दरवाजे खूप केले, पण घर नसलेला हा पहिलाच." मला वाईट वाटले. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. चाके लावलेल्या वस्तूला तसेही एका जागी उभे राहणे जमत नाही.

मी राहतो त्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत आणि खिडकी कायम बंद असते. तिथे नुसत्या कानांनी ऐकायची नाटके तयार होतात. ती सगळी शोधाची. कोणी बेपत्ता होते, काही चोरीला जाते आणि कोणीतरी धागा धागा जुळवत राहते. नाटके लिहिते वहिनी. तिचे दीर ती ध्वनिमुद्रित करतात आणि कॉम्प्युटरवर तुकडे जोडतात; त्यांना सगळे भाऊजी म्हणतात. आणि नाटकातली पावले, किल्ल्या, भांडी, दरवाजे यांचे आवाज काढते भाऊजींची आत्या.

आत्याच्या हाताखाली मला समजले की घर नसलेल्या दरवाजाला हवी तितकी घरे मिळतात. बँकेसाठी ती माझ्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावायची, दवाखान्यासाठी कडीला फडके गुंडाळायची, नीटनेटक्या घरासाठी बिजागरीवर साबण घासायची. कुरकुर हवी असेल तेव्हा मला तसाच ठेवायची. हात लावण्याआधी वहिनीला विचारायची, "उघडणारा कोण आहे ते सांग, सूनबाई. चोर आणि जावई सारखा दरवाजा उघडत नाहीत."

ऐकणारे पत्रे पाठवत. एकाने लिहिले होते, "दरवाजा वाजला तेव्हा मी मागे वळून पाहिलं." वहिनीने ते मोठ्याने वाचले. त्या दिवशी हवा कोरडी होती, तरी मी फुगून चौकटीत घट्ट बसलो.

मग घड्याळजीची मालिका सुरू झाली. एक घड्याळजी दुकान उघडे टाकून नाहीसा होतो. त्याची मुलगी त्याला शोधते आणि तिचा काका पावलोपावली तिच्या सोबत असतो. हाती धागा एकच: बापाने मुलीच्या फोनवर ठेवलेला निरोप. दोन वाक्ये आणि त्यामागे एका दरवाजाची कुरकुर. ती माझी होती.

तो दरवाजा कुठला, हे सगळे विचारू लागले. खरे तर वहिनीलाही ते ठाऊक नव्हते. तिने दोन शेवट योजले होते. एकात शेजारचा दुकानदार दोषी होता, दुसऱ्यात काका. काकावर तिचा जीव जडला होता, म्हणून कोणता शेवट घ्यायचा ते ती पुढे ढकलत होती. भाऊजींनी विचारले की म्हणायची, "बघू."

अशातच काकाच्या नीटनेटक्या स्वयंपाकघराचा प्रसंग आला. आत्या दाढ दाखवायला गेली होती. काम अडू नये म्हणून भाऊजींनी मला स्वतःच उघडले. साबण लावायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हते. दरवाजा तो दरवाजा. नंतर ऐकताना वहिनीचे लक्ष आपल्या वाक्यांकडे होते, भाऊजींचे आवाजाच्या पातळीकडे. माझ्याकडे कोणाचेच नव्हते.

ऐकणाऱ्यांचे होते. मित्रांनो, अशी नाटके कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकायची असतात आणि त्यांनी ती तशीच ऐकली. निरोपातली आणि स्वयंपाकघरातली कुरकुर शेजारी लावून पाहिली. पत्रांचा ढीग पडला: "फोन काकाच्या घरातून आला होता. तुम्ही लपवलंत, आम्ही पकडलं."

"साबण कुठे गेला होता?" आत्याने विचारले.

"तू दाढेला गेली होतीस ना, आत्या."

"दाढ माझी दुखत होती. साबणाची नव्हे."

भाऊजींनी मान खाली घातली, पण क्षणभरच. "तो भाग काढून नवा टाकू. कॉम्प्युटरवर तयार दरवाजे मिळतात, पाहिजे तेवढे. हे धूड सारखं पायात येतं."

"म्हणजे त्याच्याबरोबर मीही पायात येते."

"तसं कुठं म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीस. पण तयार दरवाजे उघडायला आत्या लागत नाही, एवढं मला कळतं."

दोघांनी वहिनीकडे पाहिले. वहिनी म्हणाली, "बघू."

मला ढकलत बाहेरच्या बोळात नेले. कोणी माझ्यावर ओला टॉवेल टाकला, कोणी छत्री अडकवली. जिन्यात पाऊल वाजले की भंगारवालाच आला असे वाटे. आत्या खोलीत जाईनाशी झाली. आपले फडके उलगडायची, पुन्हा घडी करायची. वहिनी मात्र येता-जाता थांबायची, टॉवेल बाजूला करून मला उघडायची आणि ऐकायची. मग बंद करून निघून जायची. जणू काका माझ्या पलीकडे बसला होता आणि आत जाऊन त्याला विचारायचा धीर तिला होत नव्हता.

शेवटच्या भागाच्या दिवशी मला पुन्हा आत आणले. भाऊजींनी तोड काढली होती. "आत्या, बिजागरीत तेल घाल. काकाचं स्वयंपाकघर बिनआवाजाचं करून त्या जुन्या भागात घालतो. दोषी दुकानदार. विषय संपला. नंतर हा दरवाजा देऊन टाकू."

"वहिनीला विचारलंस?"

"वहिनी 'बघू' म्हणाल्या."

आत्याने तेलाची कुपी आणली. मी तिच्या बोटांकडे पाहत होतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्यासारखे सगळेच तुम्हांला सांगतात. पुसा, रंग द्या, तेल घाला. मीही सांगेन. पण हात लावण्याआधी जरा थांबून ऐकत जा. आम्ही बोलतो ते थोडेच असते, आणि ते पुसून टाकले की दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही.

कुपीचे टोक खिळीला टेकले. "सांगून ठेवते," आत्या म्हणाली, "तेल एकदा मुरलं की हा आवाज परत यायचा नाही. मग मागू नका माझ्याकडे."

वहिनी कागद घेऊन बसली होती. ती उठली. कुपी तिथेच असताना तिने मला एका बोटाने ढकलले. आवाज निघाला, जाड, मग बारीक, आणि तुटला. ती उघड्या चौकटीतून पलीकडे बघत राहिली, जिथे हीच खोली होती.

"वहिनी, काय करायचं?" भाऊजींनी विचारले. "आता 'बघू' म्हणू नका."

"इतक्या लोकांनी कान देऊन ऐकलंय, भाऊजी. त्यांना खोटं पाडायचं नाही मला." तिने हातातल्या कागदांपैकी अर्धे दुमडून बाजूला ठेवले. "फोन काकाच्याच घरातून आला होता. आत्या, तेल राहू द्या."