आंधळगावच्या बायजाबाईंची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. वरचे नि खालचे, सगळे दात माझे. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला आणि मी आंधळगावच्या बायजाबाईंच्या तोंडात राहायला आले.

गावच्या बुद्धविहारात वंदना सांगण्याचा मान बायजाबाईंचा. दात पडल्यावर त्यांचे शब्द फुसफुसत निघू लागले होते. मी आले आणि ते पुन्हा खणखणीत झाले. "मायचा आवाज वापस आला," असे त्यांचा मुलगा अंकुश ज्याला त्याला सांगे. ते ऐकून मी फुलून जात असे.

वर्षे गेली. माझे दात झिजून सपाट झाले. बायजाबाईंच्या हिरड्याही आटल्या. मी डुगडुगू लागले. मला सावरायला त्या जबडा पुढे ओढत, एकाच बाजूने चावत. प्रत्येक घासाला कानापाशी कट्कट् वाजे.

"तृप्ती, कान लय ठणकून राहिला वं," त्या सुनेला म्हणत.

तृप्ती कानात औषधाचे थेंब टाकी. पुन्हा ठणका, पुन्हा थेंब. माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही. हळूहळू बायजाबाई सगळ्यांसोबत जेवेनाशा झाल्या. पाण्यात कालवलेला भात एकट्याच गिळू लागल्या.

बुद्धपौर्णिमेला विहार गच्च भरला होता. बायजाबाईंनी वंदनेसाठी तोंड उघडले आणि जबडा तसाच अडकला. काही केल्या मिटेना. लाळ गळू लागली. मी निसटून फरशीवर पडले. मागे कोणीतरी हसले. बायजाबाईंनी तोंडावर पदर ओढला. त्यांचे डोळे वाहत होते.

अंकुशने त्यांना भंडाऱ्याला नेले. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात अंगठे घालून जबडा बसवला.

"कान चांगला आहे, आजी. कवळी झिजली, तिचा ताण जबड्याच्या सांध्यावर आला. इतकी वर्षं दाखवायला काहून नाही आल्या?"

"दातच नाही तं दाताच्या डाक्टरकडे कायले जाव, बाप्पा?"

नवी कवळी आली. ठणका कमी झाला, पण तोंड पहिल्यासारखे उघडलेच नाही. आता वंदना गावातल्याच पार्वताबाई सांगतात. बायजाबाई मागे भिंतीला टेकून नुसत्या ऐकतात, असे तृप्ती घरी आल्यागेल्याला हळहळत सांगते. मी फडताळातल्या डबीत पडून ते ऐकते.

मित्रांनो, तुमची आजी जेवताना कानापाशी हात धरत असेल, तर तिच्याजवळ बसा. तिची कवळी डॉक्टरांना दाखवा. मी इतकी वर्षे तोंडात राहूनही एक शब्द बोलू शकले नाही. तुम्हाला तर बोलता येते.