चहात गेलेल्या एकतीस बहिणी

ऐकू येतंय ना? बाटलीच्या अगदी तळातून बोलतेय. मी रक्तवाढीची गोळी, सत्तर जणींतली शेवटची.

दिसायला मी तपकिरी, गुळगुळीत, वाटाण्याएवढी. पण आत खरंखुरं लोखंड आहे. माझ्या भावंडांपैकी कुणी पुलात गेलं, कुणी खिळ्यात. मला माणसात जायचं होतं. त्यासाठी कारखान्यात मला दळलं, चाळलं, साच्यात दाबलं आणि वर गोड मुलामा चढवला, तरी मी हूं की चूं केलं नाही. मला माझी किंमत ठाऊक होती.

औषधाच्या दुकानात आमच्या शेजारी खोकल्याचं औषध होतं. त्याचा तोरा काय वर्णावा! रात्री खोकला लागला की माणूस सकाळी धावत येऊन त्याला घेऊन जायचा. आम्हाला नेणारे मात्र पंधरा दिवस नेमाने घेतात आणि मग फडताळात टाकून विसरतात. ठणकलं की औषध आठवतं. थकव्याला कुणी दुखणं मानतच नाही, विशेषतः बायका. 'दमले असेन' म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

ज्यांच्या घरी मी आले त्या ताईही तसंच म्हणत होत्या. चहाच्या एका कारखान्यात त्या अठरा वर्षं चहा चाखायचं काम करतात. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपात वेगळ्या मळ्याचा चहा. ताई चमच्याने घोट उचलणार, सुर्रकन ओढणार, तोंडात घोळवणार आणि पिकदाणीत थुंकणार. घरी लहानपणी असा सुरका मारला की पाठीत धपाटा बसायचा. इथे त्याचाच पगार मिळतो. कुठला माल घ्यायचा, कशात काय मिसळायचं, हे त्यांची जीभ ठरवते.

आणि तीच जीभ रुसली होती. आधी जिना चढताना दम लागायला लागला. मग जीभ फिकट, गुळगुळीत झाली, चुरचुरायला लागली. एक दिवस धुराचा वास लागलेला माल ताईंनी 'छान' म्हणून पुढे पाठवला आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. त्यांच्यावरचे मोठे साहेब तीस वर्षांचे मुरलेले चाखणारे. ते शांतपणे म्हणाले, "ताई, दोन महिन्यांनी हंगामाचा नवा माल येईल. तेव्हा सात कप मांडतो. नाव नाही, चिठ्ठी नाही. जमलं तर खुर्ची तुमची. नाहीतर पॅकिंगमध्ये बसा."

डॉक्टरबाईंनी जीभ पाहिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ. पाळीत रक्त फार जात होतं, त्यावर वेगळे उपचार दिले आणि आम्हाला लिहून दिलं. "सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. लिंबाचं पाणी असेल तर उत्तम. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही." काय काम करता, हे त्यांनी विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलंही नाही. चाखणारीची जीभ गेली हे कुणाच्या कानावर जायला नको होतं.

आता ताईंचं गणित ऐका. लिंबू? शक्यच नाही, आंबटाने जीभ बधिर होते. पाणी? पाण्याने घेतलं की माझी लोखंडी चव तोंडात रेंगाळते. मग उपाय काय? रोज सकाळी कप चाखायला बसण्याआधी ताई एक साधा, ओळखीचा चहा पितात. त्यांच्या धंद्यात त्याला तोंड लावून घेणं म्हणतात. दिवसभरात घशाखाली उतरतो तो एवढाच कप. त्या कपाबरोबर त्या आम्हाला गिळायच्या. चव पुसली जायची, काम सुरू व्हायचं, आणि आपण किती हुशार, असं त्यांना वाटायचं.

मी तळातून ओरडत होते, "अहो ताई, नका!" बाटलीतल्या गोळीचं कोण ऐकतं? चहातला जो तुरटपणा ताई वाखाणतात ना, तोच पोटात आमचा हात घट्ट धरतो आणि रक्तात जाऊ देत नाही. रोज माझी एक बहीण मोठ्या उमेदीने जायची आणि फुकट जायची. अशा एकतीस गेल्या. मला राग आला, आणि खरं सांगते, रडूही आलं.

ताईंची नणंद रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. महिन्याने पुन्हा रक्त तिनेच काढलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ती तडक घरी आली.

"वहिनी, गोळ्या घेतेस ना खरंच?"

"एकही चुकवली नाही. बाटली मोज हवं तर."

"मग आकडा जागचा हलत कसा नाही? साडेआठ होता, साडेआठच आहे. कशाबरोबर घेतेस?"

"कशाबरोबर म्हणजे? चहाबरोबर."

नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं बाई! चहा लोखंडाला अंगी लागू देत नाही!"

"मी कुठे चहा पिते? शंभर कप थुंकते आणि एक पिते."

"आणि गोळी नेमकी त्या एकाबरोबर! धन्य आहेस. महिनाभर औषध घेतलंस आणि महिनाभर स्वतःच मोडता घातलास."

ताई आधी चिडल्या, मग बोटांवर दिवस मोजू लागल्या. "महिना गेला गं माझा," म्हणाल्या. "आता एकच उरलाय. ती खुर्ची गेली तर मला दुसरं येतं तरी काय?"

नणंदेने तिथेच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि वहिनीचा धंदाही सांगून टाकला. ठरलं ते असं: कामाचा शेवटचा कप झाला की दोन तास थांबायचं, मग जेवणाआधी लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी. रात्रभर जिभेला सुट्टीच असते.

त्या दिवसापासून आम्ही खऱ्या कामाला लागलो. पोट थोडं कुरकुरलं. सकाळी शौचाचा रंग काळा दिसला तेव्हा ताई घाबरल्या, पण डॉक्टरबाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ताई जिना चढल्या आणि वर जाऊन धापा टाकल्या नाहीत. जिभेची चुरचुर कमी झाली. त्या ॲप्रनच्या खिशावरून, म्हणजे बाटलीवरून, हात फिरवायला लागल्या.

तपासणीच्या दिवशी मी त्या खिशातच होते. साहेब हाताची घडी घालून उभे. सुर्र, थू. सुर्र, थू. पहिला कप ओळखला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला ताईंनी नाक मुरडलं. "याला धूर लागलाय. परत पाठवा." सहाव्याला थांबल्या, पुन्हा घोट घेतला. माझा जीव टांगणीला लागला.

"साहेब, सहावा आणि तिसरा एकच आहे. फसवताय मला?"

सातवा त्यांनी वासावरच ओळखला आणि मग रीतीपुरता चाखला. साहेबांनी रिकामी खुर्ची ओढून पुढे केली. "बसा ताई. तुमचीच आहे."

आणि मग काय झालं असेल? दुसऱ्या दिवसापासून ताई आम्हाला विसरल्या! आठ जणी उरलो होतो. नऊ दिवस टेबलाच्या खणात पडून होतो. दहाव्या दिवशी नणंद नवा कागद घेऊन उगवली.

"साडेअकरा! शाबास. आणि बाटली कुठाय?"

"आता कशाला? जीभ आली की माझी."

"नळाला पाणी आलंय वहिनी, टाकी अजून कोरडी आहे. अंगात लोखंडाचा साठा कुठाय? पुढच्या पाळीला आकडा पुन्हा खाली येईल. डॉक्टर थांब म्हणतील तेव्हा थांब."

ताईंनी खण उघडला. सात गेल्या. आज माझी पाळी. नवी बाटली शेजारी येऊन बसली आहे, तिला मी सगळं समजावून सांगितलंय.

जाता जाता तुम्हालाही सांगते. आम्हाला मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका. आम्हाला लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, गोड मुलाम्याला ती भुलतात आणि ते त्यांच्या जिवावर बेततं. आणि डॉक्टरांपासून आपला धंदा लपवू नका. एवढं केलंत तर आमच्याकडून हयगय होणार नाही, छातीठोकपणे सांगते.

ताईंनी लिंबू पिळलं. झाकण फिरतंय. उद्या सकाळी त्या पहिल्या कपाचा सुरका मारतील, तेव्हा त्यांच्या जिभेवर माझी चव नसेल. पण ती जीभ लाल असेल ना, त्या लालीत मी असेन.