चार गेली, चार आली

मी पिंग बोलतोय. बसा, घाईत असाल तरी बसा. माझं बोलणं फार लांबत नाही. डोळ्याची पापणी लवेपर्यंत मी दुसऱ्या शहरात जाऊन परत आलेला असतो.

मी तुमच्या संगणकात आहे. हो, तुमच्याही. रंगीत चित्रं आणि गोंडस बटणं आली त्याच्या आधीपासून आहे. काळी खिडकी उघडा, माझं नाव लिहा, पुढं ज्या यंत्राची चौकशी करायची त्याचं नाव लिहा आणि एन्टर दाबा. मी निघालो. त्या यंत्राच्या दारावर टकटक करतो, "आहात का?" एवढंच विचारतो, उत्तर घेतो आणि मागं फिरतो. अशा चार खेपा, दर खेपेला हाकेचं एक पाकीट. चारही खेपांना उत्तर मिळालं तर खाली लिहितो: चार गेली, चार आली. एवढाच माझा धंदा. भांडवल म्हणाल तर एक हाक.

ज्यानं मला लिहिलं त्याचं जाळं त्या दिवशी अडलं होतं. वैतागून त्यानं एका बैठकीत मला लिहून काढलं, पाण्याखाली ठाव घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून नाव ठेवलं आणि कामाला लावलं. ना बारसं, ना जाहिरात. माझ्यानंतर आलेली कितीतरी देखणी सॉफ्टवेअर गाशा गुंडाळून गेली. मी आहे तिथंच आहे. माल छोटा असावा, पण रोज लागणारा असावा, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

आमचं कुटुंब मोठं. थोरला भाऊ ट्रेसरूट. तो वाटेतला प्रत्येक नाका मोजत जातो आणि कुठं अडलं ते सांगतो. माणूस चोख, पण पाल्हाळिक. चुलतबहीण लुकअप. ती कुणाच्या दारात जात नाही. जगाच्या मोठ्या नामसूचीत विचारून अमक्या नावाचा आकडी पत्ता कोणता, तेवढं सांगते. तिचं नि माझं पुढं एकदा वाजलं. ते सांगायलाच तर बसलोय.

त्याआधी माणसांचं थोडं सांगतो. माणूस मला बोलावतो तो बहुधा चिडलेला असताना. उत्तर नाही आलं की शिव्या मला. एका कचेरीत एका साहेबांनी मला दोन तास दामटलं, आणि वायर टेबलाखाली निघून पडलेली! त्यांच्याच बुटानं. दुसरीकडं एकानं मला थांबवायचंच विसरून कुलूप लावलं. मी आठवडाभर त्याच दारावर टकटक करत होतो, आणि समोरचं यंत्र बिचारं दर खेपेला "आहे, आहे" म्हणत होतं. काही यंत्रं मुद्दाम मला उत्तर देत नाहीत. आत माणसं बसलेली असतात, दिवे लागलेले असतात, पण दार वाजवणाऱ्याला ओ द्यायची नाही असा हुकूम असतो. म्हणून उत्तर नाही म्हणजे घर रिकामं, असं मी कधीच म्हणत नाही.

उत्तर आलं म्हणजे काय, याचा मात्र मी बरीच वर्षं विचार केला नव्हता. तो मला एका शेठनं करायला लावला.

शेठचा धंदा शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचा. सुया, शटल, बॉबिन, पट्टे, पायदानाचे खिळे. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचा एक नग तारेनं बांधलेला. वाचायला नको, बघून माल काढावा. शाळा अर्धवट सुटलेली, पण संगणक आला तेव्हा शेठ पुस्तक मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसले आणि उठले ते मला ओळखूनच. रोज सकाळी दुकान उघडलं की चार खेपा मारायला लावायचे. "पिंग आला का? चला, शटर वर!"

दुसऱ्या शहरातली शाखा त्यांची धाकटी बहीण सांभाळायची. दोघांची भागीदारी वडिलांच्या माघारी सुरू झालेली. वडिलांनी एकाच गोष्टीबद्दल दोघांना दोन वेगळे शब्द दिले होते म्हणे, त्यातून वर्षभर अबोला झाला. तेव्हापासून घरात एक शिस्त: महत्त्वाचं जे काही असेल ते लेखी. फोनवर ख्यालीखुशाली, निर्णय मेलवर. त्यासाठी शेठचा एक खासगी पत्ता होता. त्यावर फक्त बहिणीची पत्रं यायची. गिऱ्हाइकांची पत्रं कारकुनाच्या यंत्रावर.

त्या रविवारी बहीण दुकानात आली होती. जुन्या यंत्रांचे भाग ठेवणं बंद करू, असं तिचं म्हणणं. शब्दाला शब्द लागला आणि शेठ सगळ्या नोकरांसमोर बोलून गेले, "तुला दुकान कळत नाही. तुला फक्त कागद कळतात."

ती उठली. "बरं. मग कागदावरच वेगळं होऊ. शुक्रवारी बारापर्यंत वाट बघते, दादा. तुला काही म्हणायचं असेल तर लेखी म्हण. नाहीतर बारा वाजता माझ्या वकिलाकडं सही करते, तू तुझ्याकडं कर."

सोमवारी सकाळी शेठनी पत्र लिहिलं. मी तिथंच होतो. एका ओळीसाठी त्यांनी तीन वेळा चष्मा पुसला. पत्र पाठवलं आणि वाट बघत बसले.

मंगळवारी काही नाही. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, जरा ताठ. बुधवारी काही नाही. तिसरं लिहिलं, चांगलंच कडक.

"शेठजी, मेलच बंद असेल," कारकून म्हणाला. सगळे त्याला चष्म्या म्हणत. दोन चष्मे एकावर एक लावायचा.

"मग तुझ्याकडं ऑर्डरी येतात त्या काय कबुतरं आणतात?"

"तसं नाही, पण स्वतःलाच एक पाठवून बघा ना."

शेठनी स्वतःच्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं. निमिषात परत हजर. मग गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. मेलच्या सर्व्हरचं नाव लिहिलं, एन्टर दाबलं. मी गेलो, टकटक केलं, उत्तर घेऊन आलो. चार गेली, चार आली.

शेठ खुर्चीत मागं टेकले. "बघ चष्म्या. पिंग खोटं बोलत नाही. मेल ठणठणीत आहे. माणूसच बोलत नाहीये."

मी छाती फुगवून उभा होतो, हे कबूल करतो. माझी साक्ष काढली गेली होती ना!

शुक्रवारी वाटणीचा कागद टेबलावर आला. शेठनी पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं. व्यापारी माणूस, माल परत करण्याआधी खोका एकदा उघडून बघणारच. त्यांनी तारवाल्या बाईंना बोलावलं. या बाई आजूबाजूच्या सगळ्या दुकानांची जाळी सांभाळायच्या. कमरेला पक्कड, खांद्यावर वायरीचं वेटोळं. आदल्या शनिवारी त्यांनीच दुकानाची मेल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली होती.

"अकरा वाजलेत बाई. माझं यंत्र बघा आणि एकदाचं सांगा, मेल येते की नाही. मग मी सही करायला मोकळा."

"शनिवारी तुमची केबिन बंद होती, शेठ. चष्म्याच्या यंत्रावर बघितलं आणि गेले. म्हटलं, सगळं नावानं जोडलंय, आपोआप नव्या ठिकाणी जाईल."

"गेलंय की. पिंग येतो."

"येतो हो. पण कुठून येतो?"

बाईंनी मला चष्म्याच्या यंत्रावरून पाठवलं. मी ज्या दारावर गेलो त्याचा आकडी पत्ता चाळीसनं संपत होता. मग शेठच्या यंत्रावरून पाठवलं. नाव तेच, पण आता मी गेलो ते सातनं संपणाऱ्या दारावर. बाईंनी दोन्ही आकडे हातावर लिहिले आणि शेठच्याच यंत्रावर लुकअपला हाक मारली. ती म्हणाली, चाळीस.

"अहो, हा सात म्हणतो, ती चाळीस म्हणते!" चष्म्या ओरडला. "एक कोणीतरी थापा मारतंय."

आमच्या खानदानात असा प्रसंग कधी आला नव्हता. लुकअप माझ्याकडं बघून गालात हसली. "तू विचारून निघतोस तरी कुणाला?"

आणि माझ्या लक्षात आलं. ती थेट मोठ्या नामसूचीत विचारते. मी तसं करत नाही. प्रत्येक यंत्रात एक छोटी घरगुती वही असते, होस्ट्स नावाची फाईल. तिच्यात कुणी नाव आणि आकडा हातानं लिहून ठेवला असेल, तर मी बाहेर विचारतच नाही. घरातलं लिहिलेलं तेच खरं मानतो. मेलचा प्रोग्रामही तसाच वागतो.

बाईंनी ती फाईल उघडली. एकच नोंद होती: मेल सर्व्हरचं नाव आणि पुढं सातचा पत्ता. वरच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत मराठी: "सारखं नाव शोधत बसायला नको म्हणून लिहिले आहे. विसरू नये."

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. चष्म्यानं दोन्ही चष्मे काढले.

"हे मीच लिहिलंय," शेठ हळूच म्हणाले. "अकरा वर्षं झाली. तेव्हा ती नामसूची दर दोन दिवसांनी झोपायची. पुस्तकात बघून आकडा इथं टाकला. केवढा खूश झालो होतो."

"आणि विसरलात."

"पार विसरलो."

बाईंनी सांगितलं ते असं. सात म्हणजे जुना सर्व्हर, आणि तो नोकरांच्या हजेरीसाठी अजून चालू होता. त्याला मेल बंद करा असं कुणी सांगितलंच नव्हतं. शेठचं प्रत्येक पत्र तो इमानदारीनं घ्यायचा आणि बहिणीच्या जुन्या, आता कुणीही न उघडणाऱ्या पेटीत ठेवायचा. शेठनी स्वतःला पाठवलेलं पत्र त्यानंच घेतलं, त्यानंच परत दिलं. आणि मी? मी जाऊन त्यालाच विचारत होतो, आहात का? तो म्हणणारच, आहे.

मी खोटं बोललो नव्हतो. उत्तर खरंच आलं होतं. भलत्याच दारातून.

अकरा वाजून वीस मिनिटं. बाईंनी ती ओळ पुसली. मेल पुन्हा उघडली आणि बहिणीची चार पत्रं धडाधड येऊन पडली. शेठ पहिल्यापासून वाचू लागले. सोमवारचं: "पोचले. तुझं बोलणं लागलं मला. तू लिहिलंस तर मी मागचं काढणार नाही." मंगळवारचं: "लिहितोयस ना?" बुधवारचं: "दादा?" गुरुवारच्या पत्रात दादा नव्हतं. "उद्या बारा."

शेठचा हात फोनकडं गेला आणि थांबला. "आता फोन करून काय सांगू? पत्र सोमवारीच लिहिलं होतं, वाटेत अडकलं? शाळेतली पोरं तरी यापेक्षा बरी सबब देतात. तिला वाटेल, बारा वाजायला आले तसा नरमलो."

बाई जुन्या सर्व्हरवर शिरल्या होत्या. "शेठ, तुमची तीन पत्रं इथं पेटीत आहेत. न उघडलेली. जशीच्या तशी नव्या पेटीत टाकते. तारीख सोमवारचीच राहील, मिनिटासकट."

शेठ झटकन उठले. "तारीख राहील?"

"कशाला बदलेल?"

"मग पहिलं टाका. बाकीची दोन नकोत. ती आहेत तिथंच राहू द्या. नाही, पुसूनच टाका."

"वाचली नाहीत हो मी," बाई म्हणाल्या.

"वाचण्यासारखी नाहीतच."

बाईंनी पत्र हलवलं. त्याआधी शेठनी मला पुन्हा एकदा चाळीसवर पाठवलं, आणि या वेळी चार खेपा न मोजता आकडाच बोटानं वाचला. पत्र गेलं. अकरा चाळीस. चष्म्या घड्याळाकडं बघत होता. शेठ वाटणीच्या कागदाकडं बघत नव्हते.

अकरा बावन्नला उत्तर आलं. शेठनी ते मोठ्यानं वाचलं. "तारीख बघितली. सोमवार, सकाळी नऊ पाच. सही करत नाही. फोन उचल, दादा."

तोवर टेबलावरचा फोन वाजायला लागलाच होता.

ते काय बोलले, मला ठाऊक नाही. ते माझ्या तारेवरचं नव्हतं. जुन्या यंत्रांचे खण मात्र अजून जागच्या जागी आहेत, आणि निम्म्यांवर बहिणीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. म्हणजे तडजोड झाली असावी.

मी अजून रोज सकाळी शेठच्या यंत्रावरून निघतो. होस्ट्सच्या वहीत आता एकही नोंद नाही. चार गेली, चार आली, असं लिहितो, पण शेठ ती ओळ वाचतच नाहीत. त्यांचं बोट वर असतं, आकड्यावर. "चाळीस," म्हणतात, "चला, शटर वर." मला त्याचा मुळीच राग नाही. उलट इतक्या वर्षांत मला कुणी असं नीट वाचलं नव्हतं.

तुम्हीही बोलवा मला, बिनदिक्कत. मी आजही तितकाच चपळ आहे आणि आजही फुकट आहे. एवढंच सांगून निघतो: तुमच्या जवळचं कुणी चार दिवस बोललं नाही, तर सहीचं पेन काढण्याआधी तुमची हाक नेमकी कुणाच्या दारात जाते, तेवढं बघा. येतो. कुणीतरी एन्टर दाबलं.