माशांची लिफ्ट

नगरपालिकेच्या इमारतीत दोन लिफ्ट होत्या. एक लोकांसाठी होती, म्हणून ती बंद होती. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि जुने पंखे कोंबले होते आणि दारावर ‘दुरुस्ती चालू’ ही पाटी तीन वर्षं लटकत होती. दुसरी चालू होती. तिच्यावर पितळी अक्षरांत ‘फक्त पदाधिकाऱ्यांसाठी’ असं लिहिलं होतं, आणि ती अक्षरं लिफ्टमन रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसून लख्ख करायचा.

लिफ्ट जुन्या काळची, जाळीच्या दाराची. दांडा फिरवला की चालायची, सोडला की थांबायची, त्यामुळे तिला माणूस लागायचा. एकोणीस वर्षं तो माणूस म्हणजे हाच. या एकोणीस वर्षांत त्याने किती म्हाताऱ्यांना, किती पोटुशा बायांना, कुबड्या घेतलेल्या किती लोकांना ‘जिन्याने जा’ म्हणून सांगितलं असेल, त्याचा हिशोब त्याने ठेवला नव्हता. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण वाईट वाटून कुणाचा एक मजलाही कमी झाला नाही, हेही खरं.

आणि मग त्याच्या सख्ख्या ताईला चौथ्या मजल्यावर जायची वेळ आली.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हा इतका लहान होता, की ताईच त्याची आई झाली. पालिकेच्या बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान होतं, सतरा नंबरचा गाळा. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढाच. तीस वर्षं पायाने मशीन चालवून तिने त्या गाळ्यात भावाला शिकवलं, दोन मुली मार्गी लावल्या आणि स्वतःचे दोन्ही गुडघे घालवले. गाळा भावोजींच्या नावावर होता. ते मागच्या वर्षी वारले. आता तो ताईच्या नावावर व्हायचा तर तिने सुनावणीला जातीने हजर राहायला हवं होतं. तीन तारखा दिल्या होत्या. तिसऱ्या तारखेलाही नाव पुकारल्यावर कुणी पुढे आलं नाही, तर गाळा पालिकेकडे परत. आणि पालिकेकडे परत आलेला गाळा कुणाला द्यायचा, हे ठरवायचा अधिकार अध्यक्षांचा.

पहिल्या तारखेला ताई म्हणाली होती, की बसत-उठत जाईन मी जिन्याने, त्यात काय. यानेच तिला अडवलं. गुडघ्यांची पार वाट लावून घ्यायचीय का, असं वर रागावलाही. दुसऱ्या तारखेलाही तेच. कारण त्याने साहेबांच्या, म्हणजे अध्यक्षांच्याच, कानावर घातलं होतं आणि साहेबांनी शब्द दिला होता. एका सकाळी लिफ्टमध्येच त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, “अरे, तुझी ताई ती माझी ताई. फक्त या दोन आठवड्यांत बाहेरचे पाहुणे आहेत, ते जाऊ देत. शेवटच्या तारखेला खुशाल लिफ्टने ने. कोण अडवतो बघू.”

यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. साहेब त्यांच्याच गल्लीत वाढलेले. पहिल्या निवडणुकीत त्यांच्याकडे कापडाला पैसे होते, शिलाईला नव्हते. ताईने चारशे झेंडे फुकट शिवून दिले होते. लिफ्टमन दिवसभर दांडा धरून दमायचा आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी घरोघर फिरायचा. आपला माणूस वर गेला तर आपल्यालाही वर नेईल, असं त्याने स्वतःच्या तोंडाने शंभर घरांत सांगितलं होतं.

शेवटच्या तारखेला ताई दहालाच आली. काठी, कापडी पिशवीत कागद, वर भावोजींच्या मृत्यूचा दाखला. नाव साडेअकराला पुकारणार होते. लिफ्टमनने दार उघडून तिला आत घेतलं आणि दांड्याला हात घातला, तेवढ्यात साहेबांचा पीए धावत आला. त्याच्यामागे दोन हमाल. त्यांच्या हातांत पाण्याने टम्म फुगलेल्या चार मोठ्या पिशव्या, आणि पाण्यात केशरी, काळे, पांढरे मासे.

साहेबांच्या दालनात माशांची टाकी बसायची होती. टाकी मागच्या गाडीत होती, ती पाच मिनिटांत पोचणार होती. मासे आणि टाकी एकदमच वर जायला हवेत, असं मासेवाल्याने बजावलं होतं. पिशव्या लिफ्टमध्ये सावलीला ठेवायच्या आणि टाकी येईपर्यंत लिफ्ट जागची हलवायची नाही, कारण धक्क्याने मासे दचकतात. पीएने ताईला बाहेर यायला सांगितलं. नीटच सांगितलं, “मावशी, जरा” असं म्हणून.

लिफ्टमनने साहेबांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. पीएने फोन कानावरून न काढता मान हलवली. शब्द आहेच, म्हणाला, पण पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.

ती पाच मिनिटं तासभर झाला तरी संपेनात. गाडी कुठल्याशा वळणावर अडकली होती. ताई भिंतीशी उभी, आणि हा स्टुलावर बसून माशांची राखण करतोय. दर दहा मिनिटांनी तो सांगायचा, येईलच आता, तू चढू नकोस. एकदा त्याच्या मनात आलं, की पिशव्या उचलून बाहेर ठेवाव्या आणि ताईला घेऊन सुटावं. पीए समोर उभा होता. मनात आलेलं मनातच राहिलं. नंतर कित्येक रात्री त्याला झोप लागली नाही ती याच तासामुळे. टाकीमुळे नाही, पीएमुळेही नाही. आपण तिला उभं करून ठेवलं, यामुळे.

अकरा वाजता ताईच म्हणाली, “मी निघते बाबा. तुझी पाच मिनिटं संपायची नाहीत.”

ती जिन्याकडे गेली. एकेका मजल्याला बावीस पायऱ्या. काठी टेकल्याचा आवाज, मग एक पाय, मग दुसरा, मग थांबणं. तो आवाज हळूहळू वर जात राहिला आणि लिफ्टमनचा जीव त्या आवाजाला टांगलेला.

साडेअकराला टाकी आली, आणि तिच्या स्वागताला साहेब स्वतः खाली आले. टाकी आत ठेवली, मासेवाला आत शिरला, साहेब शिरले. लिफ्टमनने धीर करून सांगितलं, की ताई जिन्यात आहे, नाव आत्ता पुकारतील, वाटेत तिला घेऊ या. साहेब गोड हसले. “घेऊ की. पण आता जागा कुठाय? हे वर टाक आणि लगेच तिच्यासाठी ये.” मासेवाला म्हणाला, मधे थांबवू नका, पाणी हिंदकळतं.

लिफ्ट निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर, जाळीच्या पलीकडे, ताई पायरीवर बसली होती. पदराने तोंड पुसत होती. तिने वर पाहिलं. साहेबांनीही तिला पाहिलं आणि ओळखीचं हसून हात हलवला. प्रचाराच्या गाडीतून हलवतात, अगदी तसा.

दांडा लिफ्टमनच्या हातात होता. सोडला असता तर लिफ्ट थांबली असती. त्याने सोडला नाही.

पण तो हललेला हात बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या क्षणी त्याच्या मनातला साहेब संपला. उरला नुसता अध्यक्ष.

मासे उतरवून तो खाली आला, ताईला उचलल्यासारखंच आत घेतलं आणि चौथ्या मजल्यावर नेलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. बाजार विभागाच्या अधिकारी बाईंनी नाव तीनदा पुकारलं होतं. वहीत ‘गैरहजर’ लिहून झालं होतं. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की नोंद झाली, आता माझ्या हातात नाही. अध्यक्षांना भेटा, गाळे तेच देतात.

पाचव्या मजल्यावर अध्यक्ष टाकीसमोर उभा होता. मासे एकेक करून पाण्यात सोडणं चाललं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, तोंडाने च्च-च्च केलं. “अरेरे. गैरहजर लागलं का? आता नियम म्हणजे नियम. मीच मोडला तर लोक काय म्हणतील? अर्ज टाकून ठेवा ताई. यादी मोठी आहे, पण बघू.”

“तुम्ही बघितलंय साहेब,” लिफ्टमन म्हणाला. “जिन्यात बसलेली बघितलीत. हात हलवलात.”

अध्यक्षाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कातडी गेंड्याची असली की असंच होतं. तो पीएला म्हणाला, याला जरा बाहेर घेऊन जा, घरचं टेन्शन दिसतंय.

बाहेर आल्यावर लिफ्टमनच्या तोंडून शिव्यांचा पट्टा सुटला. मुद्दाम केलं त्याने, म्हणाला, गाळा गिळायचाय त्याला. ताई जिन्याचा कठडा धरून उभी होती.

“मुद्दाम नाही रे केलं,” ती म्हणाली. “मुद्दाम करायला आपण त्याच्या लक्षात तरी असायला हवं होतं.”

लिफ्टचं दार तसंच सताड उघडं टाकून तो ताईबरोबर पायी चौथ्या मजल्यावर उतरला. जाळी उघडी असली की ती लिफ्ट जागची हलत नाही. घंट्या वाजायला लागल्या, खालून, वरून, मधून. त्याने तिकडे कान दिला नाही. बाईंच्या टेबलासमोर जाऊन तो म्हणाला, मला लेखी द्यायचंय.

बाईंनी दार लोटून घेतलं. हळू आवाजात सांगितलं, की पालिकेच्या नोकरामुळे माणूस वेळेत पोचला नाही, असं त्या नोकराने स्वतः लिहून दिलं, तर सुनावणी पुन्हा घेता येते. एवढी एकच वाट आहे. त्याने लिहायला घेतलं. पीएने लिफ्ट अडवायला सांगितली, असं पहिलं वाक्य. बाईंनी विचारलं, तसा हुकूम लेखी आहे का. नव्हता. तोंडी हुकमाला कागद नसतो, म्हणून तर तो तोंडी देतात. अध्यक्षांनी ‘आधी हे वर टाक’ म्हटलं, हे दुसरं वाक्य. त्याला साक्षीदार मासेवाला, आणि मासेवाल्याला पुढची टाकी विकायची होती.

“मग काय खरं ठरतं?” त्याने विचारलं.

“तू जे केलंस तेवढंच,” बाई म्हणाल्या. “पण ते लिहिलंस तर सगळं तुझ्यावर येईल. त्यांच्या अंगाला काही लागणार नाही.”

त्याने दोन्ही वाक्यं तशीच ठेवली आणि खाली तिसरं लिहिलं. ‘अर्जदार बाई जिन्यात बसलेल्या मी पाहिल्या, लिफ्ट थांबवणं माझ्या हातात होतं, पण मी थांबवली नाही.’ सही केली. बाईंनी खाली शिक्का मारला.

संध्याकाळी पाचला निलंबनाचा कागद आला. ‘ज्येष्ठ महिला नागरिकाची हेतुपुरस्सर गैरसोय केल्याबद्दल.’ खाली अध्यक्षाची लफ्फेदार सही. पहिली दोन वाक्यं कुठे गेली, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिसरं तेवढं कागदात जसंच्या तसं उतरलं होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा सुनावणी लागली. ताईने सकाळी आठला जिना चढायला घेतला आणि लिफ्टमन तिच्या मागे एक पायरी सोडून चालला. साडेनवाला दोघं चौथ्या मजल्यावर होते. या वेळी पहिल्या पुकाऱ्यालाच ती उभी राहिली. सतरा नंबर तिच्या नावावर झाला.

परवाना मात्र टपालाने आला नाही. निवडणूक तोंडावर होती. एका सकाळी बाजारात फुलांच्या माळा लागल्या, फोटोवाला आला आणि अध्यक्ष परवाना घेऊन जातीने सतरा नंबरच्या दारात उभा राहिला. आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. विधवा भगिनीला न्याय, असं काहीबाही बोलून झालं. मग तो ताईकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “ताई, तुमच्यावर अन्याय करणाऱ्याला मी सोडला नाही.”

ताईचा पाय मशीनवर थांबला. मागे एक पडदा होता, तो तिने बसल्या जागेवरून बाजूला केला.

“तो इथे बसलाय. काजं करतोय,” ती म्हणाली. “हेच त्याच्या तोंडावर म्हणा.”

लिफ्टमनने मान वर केली. हातात सुई, मांडीवर कुणाचा तरी कोट. तो उठला नाही. फक्त बघत राहिला, आणि अध्यक्षाला कुठे बघावं ते कळेना. मागे कुणीतरी खाकरलं. फोटोवाल्याने गोंधळून विचारलं, की साहेब, घेऊ का.

“घे ना,” ताई म्हणाली. “तिघांचा घे.”

अध्यक्षाला पुढचा कार्यक्रम आठवला. तो वळला आणि गर्दीतून वाट काढायला लागला, पण परवाना त्याच्या हातातच राहिला होता. ताई काठी न घेता दोन पावलं पुढे गेली आणि तिने तो काढून घेतला.